डोक्याला करंट, हाताला चपळाई? बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या पेशंटसाठी पायरीपायरीने

लकव्याचा पेशंट असलेल्या घरात कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवतं. डोक्याला पट्टा बांधलेला माणूस शर्टाची बटणं लावताना दिसतो, आणि चार दिवसांनी मुलगा विचारायला येतो, ‘म्याडम, ते करंटचं मशीन आमच्या आईला चालेल काय?’ मी बेळगावात फिजिओथेरपी करते. निपाणी, चिकोडी, खानापूर, नंदगड, सगळीकडून हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं सांगते. कवटी न उघडता बाहेरून मेंदूला चेतना देण्याचे हे उपाय एकट्याने हात सुधारत नाहीत. ते मेंदूच्या त्या भागाला थोडा वेळ शिकायला तयार करतात. शेतात वाफसा आला म्हणून पीक येत नाही, त्या वेळात पेरावं लागतं. तसंच इथे त्या अर्ध्या-पाऊण तासात हाताने काय केलं यावर सगळं ठरतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी निदान, मग मोजमाप, मग सराव आणि शेवटी मशीन. बहुतेक घरं मशीनपासून सुरुवात करतात आणि पैसे संपले की सरावही बंद पडतो.

पहिली पायरी: बिघाड मेंदूतच आहे का, ते बघा

हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅन झाल्यावर. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतून निघायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. आधी गावठी तेल चोळून बघू, सकाळी जाऊ, असं म्हणण्याइतका वेळ हातात नसतो.

हळूहळू अनाडी झालेल्या हाताची गोष्ट वेगळी. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाया, वडगाव-शहापूरच्या मागांवर बसणारे विणकर, दिवसभर स्क्रू फिरवणारे कारागीर यांचा हात बोजड झाला तर बऱ्याचदा दोष मनगटातल्या दाबलेल्या नसेत निघतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळीकडची बाजू बधिर असेल तर कोपरातली नस तपासावी लागते. साखर जुनी असेल तर तीही बोटांची जाण कमी करते. कातडीवर बधिर चट्टा असेल आणि बोटं वाकू लागली असतील तर कुष्ठरोगाची तपासणी करा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, लाजायचं कारण नाही. यांतल्या कुठल्याही दुखण्यात डोक्याला करंट देऊन उपयोग नाही, कारण डोक्यात काही बिघडलेलंच नाही.

एका लक्षणाकडे मात्र मी नेहमी जास्त लक्ष देते. दोन्ही हात एकदम अनाडी झाले, बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही आणि त्याच सुमारास चालताना तोलही जातोय, असं असेल तर मानेत मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. असा पेशंट महिनोन्‌महिने ‘वयामुळं होतंय’ म्हणून घरी बसतो. याला मशीन नको, मानेचा एमआरआय हवा, आणि लवकर. अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चाललंय, एक हात कमी हलतोय, तर पार्किन्सनसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

आता उरतात लकवा, डोक्याला झालेली इजा, आणि लिहिताना किंवा वाजवतानाच बोटं मुडपणारा एक विचित्र आजार. पुढचं सगळं मुख्यतः लकव्याबद्दल आहे. त्या शेवटच्या आजाराकडे अखेरीस येते.

दुसरी पायरी: दोन मशीनं ओळखून ठेवा

टीएमएस हे चुंबकाचं मशीन. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये ते पहिल्यांदा मेंदूवर वापरून दाखवलं. इंग्रजी आठाच्या आकाराची कॉइल डोक्याजवळ धरतात, ‘टक्’ असा आवाज होतो आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत बारीक करंट तयार होतो. जागा बरोबर सापडली तर विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा उडतो. हेच ठोके ठरावीक वेगाने देत राहिलं तर परिणाम थोडा वेळ टिकतो. सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तो भाग सहसा शांत होतो, सेकंदाला पाच किंवा जास्त ठोक्यांनी सहसा जागा होतो.

टीडीसीएस हे त्याहून साधं, बॅटरीवर चालणारं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधतात आणि १ ते २ मिलिअँपिअरचा करंट साधारण २० मिनिटं सोडतात. अंगठा वगैरे काही उडत नाही, फक्त कातडीला चुणचुणतं. जर्मनीत ग्योटिंगेनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवलं की धन टोकाखाली मेंदूचा हालचालीचा भाग जास्त चेततो, ऋण टोकाखाली कमी. पुढच्याच वर्षी त्यांना दिसलं की १३ मिनिटांच्या करंटचा परिणाम तासाभराहून जास्त टिकतो.

व्हिडिओत दिसतं ते बहुतेक टीडीसीएस असतं. मोठ्या हॉस्पिटलात असतं ते बहुतेक टीएमएस, आणि तेही बऱ्याचदा मनोविकार विभागात, कारण अमेरिकेत या मशीनला २००८ मध्ये पहिली परवानगी मिळाली ती औषधाने न हटणाऱ्या नैराश्यासाठी. हे लक्षात ठेवा, फोन करताना उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: पुरावा किती, हे आधीच जाणून घ्या

इथे थोडं थांबते, कारण व्हिडिओत हेच गाळलेलं असतं.

लकव्यानंतर मेंदूची धडकी, म्हणजे इजा न झालेली, बाजू दुबळ्या बाजूला दाबून ठेवते, असा एक विचार आहे. म्हणून धडक्या बाजूवर संथ टीएमएस देऊन तिला शांत करायचं, म्हणजे दुबळ्या बाजूला वाव मिळेल. छोट्या छोट्या अभ्यासांत याचे निकाल चांगले आले. २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी पुराव्याची छाननी केली आणि लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत हाताच्या हालचालीसाठी या पद्धतीला सर्वांत वरची श्रेणी दिली.

पण दुसरी बाजूही बघा. अमेरिकेतल्या १२ केंद्रांनी मिळून १९९ पेशंटवर हीच पद्धत तपासली. लकव्याला तीन महिने ते वर्ष झालेले पेशंट होते. निम्म्याहून जास्त लोकांना खरे ठोके दिले, बाकीच्यांना खोटे, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जोडीला सगळ्यांकडून हाताचा कसून सराव करून घेतला. २०१८ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर खऱ्या ठोक्यांच्या गटातले ६७ टक्के ठरलेल्या मापाइतके सुधारले होते. खोट्या ठोक्यांच्या गटातले ६५ टक्के.

हे दोन आकडे मी पेशंटच्या मुलांना कागदावर लिहून दाखवते. बघणाऱ्यांपैकी निम्मे निराश होतात. मला मात्र त्यातली ६५ ची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. मशीन नुसतं टकटक करत होतं, मेंदूपर्यंत फारसं काही पोचत नव्हतं, तरी तीनातले जवळजवळ दोन पेशंट सुधारले. तो सरावाचा हिस्सा आहे आणि तो खानापुरात, निपाणीत, घरच्या ओसरीवर मिळू शकतो.

टीडीसीएसचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. निरोगी माणसांवर २००९ मध्ये एक चांगला अभ्यास झाला. चिमटीतला जोर कमी-जास्त करण्याचं अवघड काम पाच दिवस शिकवलं आणि सोबत करंट दिला. करंट घेतलेल्यांचं कौशल्य जास्त वाढलं, आणि गंमत म्हणजे फरक त्या वीस मिनिटांत पडला नाही, एका दिवसाच्या सरावापासून दुसऱ्या दिवसाच्या सरावापर्यंतच्या मधल्या काळात पडला. म्हणजे झोपेसकट. तीन महिन्यांनीही तो फरक शिल्लक होता. पण लकव्याच्या पेशंटवर, धडका हात बांधून करायच्या सरावाला २ आणि ४ मिलिअँपिअरची जोड देऊन पाहिलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नुसत्या सरावापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

माणसागणिक फरकही फार. केस, कातडी, कवटीची जाडी यांतच बराचसा करंट जिरतो. २०१४ च्या सुमारास बऱ्याच निरोगी लोकांना एकत्र तपासलं तेव्हा जवळपास निम्म्यांतच अपेक्षित परिणाम दिसला.

चौथी पायरी: हात मोजा, वहीत लिहा

‘जरा बरं वाटतंय’ यावर पैसे खर्च करू नका. हात मोजता येतो.

जगभर वापरतात ती नऊ भोकांची पाटी. गावातल्या सुताराकडून करून घेता येते: चौकोनी फळीवर तीन ओळींत नऊ भोकं, एकमेकांपासून ३२ मिलिमीटरवर, १० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर खोल. सोबत ७ मिलिमीटर जाडीच्या, ३२ मिलिमीटर लांबीच्या नऊ गोल काड्या आणि त्या ठेवायला उथळ वाटी. पेशंटने एका हाताने एकेक काडी उचलून भोकात घालायची, सगळ्या घालून झाल्या की एकेक काढून वाटीत टाकायची. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची. निरोगी मोठ्या माणसाला साधारण वीस सेकंदांच्या आसपास लागतात. घरच्या पाटीचा आकडा पुस्तकातल्या आकड्यांशी ताडू नका. तो फक्त तुमचा तुमच्याशी ताडायचा.

काडी उचलण्याइतकी चिमूट येत नसेल तर मोठ्या वस्तू घ्या. अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एका खोक्यातून मधली आडवी फळी ओलांडून दुसऱ्या खोक्यात, एका मिनिटात किती गेले ते मोजा. तेही जमत नसेल तर बोटं किती उघडतात याचा रोज त्याच जागेवरून फोटो काढा.

मोजताना दोन गोष्टी पाळा. वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळी चहानंतर; दुपारच्या जेवणानंतर सगळेच मंद असतात. आणि उपचार सुरू करण्याआधी निदान पाच दिवस नुसतं मोजा, रोज तीनदा, मधला आकडा लिहा. पाटीचीच सवय होऊन पहिल्या काही दिवसांत वेळ आपोआप उतरतो. ही उतरण उपचाराच्या खात्यावर जमा झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. दोन्ही हात मोजा. धडक्या हाताचाही वेळ उतरत असेल तर ती निव्वळ सवय.

शेवटी घरातली एक खरी गरज निवडा: धोतराची गाठ, चोळीचे हूक, कुलपात किल्ली, मोबाइलवर नंबर लावणं. आठवड्यातून एकदा त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. सेकंदांपेक्षा घरच्यांना हा जास्त पटतो.

पाचवी पायरी: सराव, आणि तो मोजून

२००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या फिजिओथेरपीच्या बैठका कुणीतरी बसून मोजल्या. एका बैठकीत दुबळ्या हाताने प्रत्यक्ष उपयोगाची हालचाल सरासरी ३२ वेळा होत होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो शेकडो वेळा केल्यावर. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा बसने येऊन अर्धा तास केलेल्या व्यायामाचं गणित यावरून करा.

म्हणून घरचं काम हाच सराव करा. शेंगा सोलायला बसवा. मिरच्यांची देठं काढायला द्या (नंतर हात डोळ्याला लागणार नाही एवढं बघा). पावटा आणि हरभरा मिसळून वेगळा करणं, नाणी उचलून गल्ल्यात टाकणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, फुलांचा गजरा, कणकेच्या गोळ्या. काम असं निवडा की दहातून सात-आठ वेळा जमेल. फार सोपं असेल तर मेंदू शिकत नाही, फार अवघड असेल तर पेशंट चिडतो आणि खांदा उचलून फसवाफसवी करतो. खांदा उचलला की थांबवा, कोपर टेबलावर टेकवा, पुन्हा करा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आणि करताना मोठ्याने मोजा. नातवंडांना मोजायला बसवलं की आजी दहा जास्तच करते.

मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येत असतील तर धडका हात अडकवून ठेवायची पद्धत डॉक्टरांना विचारा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून ती आली. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ पेशंटवर तिची मोठी चाचणी झाली: जागेपणाच्या ९० टक्के वेळ धडक्या हातात जाड हातमोजा, दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताचा रोज तासन्‌तास सराव. फायदा वर्षभर टिकला. घरी इतकं होत नाही, पण दिवसातून दोन तास हातमोजा घालून जेवणाखेरीजची कामं करायला काय हरकत आहे? चालताना आणि पायऱ्या चढताना मात्र हातमोजा काढा, तोल गेला तर धरायला हात लागतो.

बोटं अजिबात हलत नसतील त्यांच्यासाठी आरसा. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी ही युक्ती काढली, पुढे ती लकव्याला लागू पडली. साधारण फूटभर उंचीचा आरसा टेबलावर छातीसमोर उभा ठेवायचा, दुबळा हात त्याच्या मागे. धडक्या हाताची मूठ उघडत-मिटत आरशात बघायचं आणि मागचा हातही तसाच हलवायचा प्रयत्न करायचा. रोज वीस-तीस मिनिटं. अंगठी, बांगड्या काढून ठेवा, नाहीतर मेंदूला खोटं कळतं. खर्च आरशाचा तेवढा.

बोटं घट्ट मुठीत वळली असतील तर हे सगळं करण्याआधी ताठपणावर उपचार लागतो. त्याला घरच्या मालिशीने काही होत नाही.

सहावी पायरी: आता मशीनचं विचारा

महिनाभराचा सराव आणि वही हातात असेल तर डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं. लकव्यानंतरचे पहिले तीन महिने मात्र मौल्यवान असतात, त्यात सुधारणा सर्वांत वेगाने होते. तेव्हा महिना थांबायचं नाही, मोजमाप आणि चौकशी एकदमच सुरू करा.

बेळगावात केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आणि सरकारी बिम्स आहे, धारवाडला डिमहान्स आणि बंगळूरला निमहान्स ही मेंदू-मनोविकारांची हॉस्पिटलं. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर आणि मिरज जवळ. पण कुठेही गाडी करून जाण्याआधी फोन करा आणि नेमके हे विचारा: मशीन टीएमएस की टीडीसीएस? हाताच्या लकव्यासाठी वापरता की फक्त नैराश्यासाठी? सोबत त्याच वेळी हाताचा सराव करून घेणारा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर माझ्या मते तिथे जाऊ नये, मशीन कितीही भारी असो.

बैठका सहसा सलग दोन आठवडे, रविवार सोडून रोज असतात. येण्याजाण्याचा विचार आधी करा. २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसमध्ये राज्याच्या आत तिकीट नाही, त्यामुळे खानापूरहून रोज बेळगावला येणाऱ्या मावशीचा खर्च वाचतो. सोबत येणाऱ्या मुलाचं तिकीट धरा. मिरज-कोल्हापूरला जायचं तर ही सवलत हद्दीपलीकडे चालत नाही.

काय सांगायचं हे त्याहून महत्त्वाचं. डोक्यात क्लिप, प्लेट किंवा कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर असेल तर आधीच सांगा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा लेथवर काम केलेल्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी: डोळ्यात किंवा चेहऱ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, आणि तो पूर्ण निघाला का? टीएमएसचं चुंबक ताकदवान असतं, आणि हा प्रश्न छापील फॉर्मवर असला तरी घाईत कुणी समजावून सांगत नाही. पूर्वी फिट आली असेल, गरोदरपण असेल, रात्रीची झोप झालेली नसेल, दारू सुरू असेल किंवा नुकतीच एकदम सोडली असेल, तेही सांगा. टीएमएसमुळे फिट येणं फार दुर्मीळ आहे, पण येते ती बहुधा अशाच कारणांनी.

गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा. ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी फिटची शक्यता वाढवते. कार्बामाझेपिन टीडीसीएसचा परिणाम पुसून टाकतं, आणि कित्येक खोकल्याच्या औषधांत असलेलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही तेच करतं. मात्र यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, फिटची गोळी तर अजिबात नाही.

संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. आपल्या भागात जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांना फक्त मराठी वाचता येतं. सही करण्याआधी कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या, आणि सही पेशंटची असू द्या. ऐकू येणाऱ्या, समजणाऱ्या माणसाच्या जागी मुलाने सही ठोकायची पद्धत मला पटत नाही.

सातवी पायरी: बैठकीच्या दिवशी

आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवा आणि त्यानंतर तेल लावू नका. सांगूनही तेल चोपडून येणारे असतातच, कारण ‘डोक्याला गरम होऊ नये म्हणून’. तेलाने करंट अडतो, स्पंजखाली नीट पसरत नाही आणि एकाच ठिकाणी कातडी भाजू शकते. टीडीसीएस असेल तर केस मोकळे, आंबाडा किंवा वेणी नको. डोक्यावर फोड, जखम, खरूज असेल तर त्या दिवशी करू नका.

स्पंज कुठे बांधतात ते तुम्हीही बघा. उजव्या हाताचा ताबा डोक्याच्या डाव्या बाजूला असतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप लावून टाळूचा मध्य काढतात; तिथून कानाकडे, कान-ते-कान अंतराच्या २० टक्क्यांवर हाताची जागा येते. अंतर ३६ सेंटिमीटर असेल तर ७.२ सेंटिमीटर. टेप न लावता अंदाजाने पट्टा बांधला तर विनयाने विचारा. लकव्यात कधी दुबळ्या बाजूला जागं करतात, कधी धडक्या बाजूला शांत करतात, म्हणून ‘आज कुठल्या बाजूला आणि का’ हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सुरुवातीला चुणचुण, खाज, जराशी डोकेदुखी चालते. जळल्यासारखं झालं तर लगेच सांगा, ‘सोसू की थोडं’ म्हणू नका. संपल्यावर स्पंजखालची कातडी बघा. लाली थोड्या वेळात जाते, फोड आला तर पुढची बैठक थांबवा. टीएमएसच्या वेळी कानात बोळे हवेत, आवाज मोठा असतो.

आणि मुख्य गोष्ट: टीडीसीएस चालू असताना हात रिकामा नको. पाटी, नाणी, शेंगा, जे ठरलं असेल ते त्याच वीस मिनिटांत करा. टीएमएसमध्ये डोकं हलवता येत नाही, म्हणून सराव लगेच नंतर. चहा-नाश्ता त्यानंतर. आणि रात्री लवकर झोप.

घरी बॅटरी जोडू नका

नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी आणि भांड्याचा स्पंज, झालं मशीन, असे व्हिडिओ आहेत. आयटीआयच्या पोरांना ते सहज जमतंही. तरी नको. तज्ज्ञ हॉस्पिटलात, ठरलेल्या मर्यादेत हजारो बैठका झाल्या आणि गंभीर इजा नोंदली गेली नाही, हे खरं. पण ती सुरक्षितता त्या मर्यादेची आहे. स्पंज वाळला की कातडी भाजते. धन-ऋण उलटं लागलं तर परिणाम उलटतो. आणि जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही: २०१३ च्या प्रयोगांत १ मिलिअँपिअरचा धन करंट २६ मिनिटं लांबवल्यावर चेतना वाढायच्या ऐवजी घटली, आणि ऋण टोक २ मिलिअँपिअरवर नेल्यावर घटायच्या ऐवजी वाढली. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनीच घरी प्रयोग करणाऱ्यांना उघड पत्र लिहून सावध केलं. त्यात लकव्याने इजा झालेल्या मेंदूत करंट कुठून कसा वाहील, याचा अंदाज घरबसल्या कोण घेणार?

दोन आठवड्यांनंतरचा हिशेब

वही उघडा. पाटीचा वेळ एक-दोन सेकंदांनी उतरला तर ती रोजची चढउतार. उपचाराआधीच्या पाच दिवसांतल्या सर्वांत चांगल्या दिवसापेक्षाही आताचा रोजचा वेळ कमी असेल आणि निवडलेलं घरकाम व्हिडिओत सुटसुटीत दिसत असेल, तर काहीतरी घडलंय. काहीच नसेल तर दुसऱ्या दोन आठवड्यांचे पैसे भरू नका, तेच पैसे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर घाला. महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, सराव चालूच ठेवून.

निरोगी हाताचं काय?

हा प्रश्न पेटी-तबला वाजवणाऱ्यांकडून येतो. नावाजलेले पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेटी शिकणाऱ्यांची वाण नाही. करंट लावून तान सफाईने निघेल का? २०१४ मध्ये पियानोवादकांवर आणि वाद्य न शिकलेल्यांवर हे तपासलं. ज्यांना वाद्य येत नव्हतं त्यांची बोटं करंटने थोडी सुधारली, मुरलेल्या वादकांची नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजाने ती जागा आधीच भरलेली होती.

अपवाद आहे तो सुरुवातीला म्हटलं त्या आजाराचा. वाजवताना किंवा लिहितानाच एखादं बोट आपोआप मुडपतं, दुखत नाही, बाकीच्या कामांत हात ठणठणीत असतो. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. त्याच वर्षी असा त्रास असलेल्या पियानोवादकांच्या एका छोट्या गटात, दोन्ही हातांचा आरशातल्यासारखा सराव चालू असताना मेंदूच्या एका बाजूला चेतवून दुसरीला शांत केल्यावर बोटांची लय सुधारली. अभ्यास लहान आहे, पण दिशा बरी आहे. असं बोट मुडपत असेल तर रियाज वाढवू नका, त्याने ते बिघडतं. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि जाताना वाजवतानाचा व्हिडिओ मोबाइलवर न्या, बोटं जवळून दिसतील असा. दवाखान्यात पेटी नसते, आणि पेटीशिवाय ते बोट डॉक्टरांसमोर मुडपणार नाही.